ब्रेडबोर्डवर गेट चालत नाही, तेव्हाच खरं प्रॅक्टिकल सुरू होतं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे मी कशाचं उत्तर देते आहे ते स्पष्ट राहील. तुम्ही इंजिनीअरिंग कॉलेजात नव्याने रुजू झाला आहात आणि सेकंड इयरची डिजिटल लॅब तुमच्याकडे आली आहे. लॉजिक गेटचं प्रॅक्टिकल ट्रेनर किटवर (गेटं आधीच बसवलेल्या तयार पेटीवर) घेतलं तर मुलं पंधरा-वीस मिनिटांत ट्रुथ टेबल, म्हणजे कोणत्या इनपुटला कोणतं आउटपुट याचा तक्ता, भरून मोकळी होतात आणि हाताला काही लागत नाही. ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डर न करता वायरी खोचून सर्किट जोडायच्या भोकांच्या पाटीवर, घेतलं तर निम्म्या टेबलांवर सर्किट चालत नाही आणि दोन तास तुम्ही या टेबलावरून त्या टेबलावर पळत राहता. म्हणून तुम्ही विचारता, की सगळं सरळ सिम्युलेटरवर का घेऊ नये? शिवाय ७४०० ही लॉजिक गेटच्या आयसींची (चिपांची) मालिका आता इतकी जुनी झाली, ती शिकवायचीच कशाला?

मला यातली खरी अडचण वेगळी वाटते. अँड गेटची ट्रुथ टेबल मुलांनी बारावीच्या फिजिक्समध्येच पाठ केलेली असते. उत्तर आधीच माहीत आहे अशा गोष्टीचं रीडिंग कोण मनापासून घेणार? मुलं आळशी आहेत असं नाही, त्या प्रयोगात शोधण्यासारखं काही ठेवलेलंच नाही. ब्रेडबोर्डवर मात्र शोधण्यासारखं आपोआप तयार होतं, कारण सर्किट बिघडतं. पण बिघाड शोधायचा कसा, हे आपण शिकवलेलं नसतं. त्यामुळे मुलं हात वर करतात आणि आपण पळतो. तुम्ही ज्याला वाया गेलेले दोन तास म्हणता, तोच माझ्या मते या लॅबचा सगळ्यात मोलाचा भाग आहे. फक्त तो मुलांच्या हातात द्यायला हवा.

परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे तेही सांगते. बॅच वीस जणांची आहे की तीसची, प्रत्येक टेबलाला मल्टिमीटर आहे का, लॅब असिस्टंट मदतीला असतो का, मुलांनी ट्रान्झिस्टर आधी शिकला आहे का, यावर बराच फरक पडतो. डिप्लोमाची मुलं सोल्डरिंग आणि वायरिंगमध्ये बहुतेक वेळा तयार असतात, डिग्रीच्या मुलांना पहिल्या दिवशी वायर सोलायलाही शिकवावं लागतं. आणि तुमच्या कपाटात नेमके कोणते आयसी आहेत, हे तर सगळ्यात आधी बघा. पुढचं सगळं मी ७४एलएस०० (७४०० या चार नँड गेटांच्या आयसीचा एलएस प्रकार) धरून लिहिते आहे, कारण आपल्याकडच्या बऱ्याच लॅबमध्ये तोच असतो.

सुरुवात ट्रुथ टेबलनेच करा, फक्त खान्यांमध्ये ० आणि १ लिहू देऊ नका. व्होल्ट लिहायला लावा. मल्टिमीटरचा काळा प्रोब पिन ७ वर (ते आयसीचं ग्राउंड), लाल प्रोब त्या त्या पिनवर. इनपुट दोन आणि आउटपुट एक, चार ओळी, म्हणजे बारा रीडिंग. एवढ्यातच मुलांना पहिला धक्का बसतो: आउटपुट १ असताना मीटरवर ५ व्होल्ट येत नाहीत. साडेतीन ते सव्वाचारच्या दरम्यान काहीतरी येतं, आणि शेजारच्या टेबलावर वेगळाच आकडा असतो. ० असतानाही नेमकं शून्य नसतं, ०.१ किंवा ०.२ असतं. "मॅडम, आमचा आयसी खराब आहे का?" हा प्रश्न इथे हमखास येतो, आणि आता डेटाशीट (आयसीचं माहितीपत्रक) उघडायला निमित्त मिळतं. एलएस मालिकेत इनपुटला ०.८ व्होल्टच्या खाली जे काही येईल ते ०, २ व्होल्टच्या वर जे येईल ते १. आउटपुटची हमी अशी, की पूर्ण लोडवरही ० हा ०.५ च्या वर जाणार नाही आणि १ हा २.७ च्या खाली येणार नाही. म्हणजे ० च्या बाजूला ०.३ व्होल्टची आणि १ च्या बाजूला ०.७ व्होल्टची मोकळीक राहते. यालाच पुस्तकात नॉइज मार्जिन म्हणतात. परीक्षेत व्याख्या लिहिणारी मुलं भरपूर असतात. स्वतःच्या मीटरवरचा आकडा त्या पट्ट्यात कुठे बसतो हे ज्याने एकदा पाहिलं, त्याला व्याख्या पाठ करावी लागत नाही.

मग एक इनपुट मोकळं सोडायला सांगा. नँडचं (दोन्ही इनपुट १ असतील तेव्हाच ० देणाऱ्या गेटचं) एक इनपुट १ ला जोडलेलं, दुसरं कशालाच नाही. आउटपुट काय येईल ते आधी वहीत लिहायचं आणि मग मोजायचं. बरीच मुलं "काही जोडलं नाही म्हणजे ०" असं धरून आउटपुट १ लिहितात. प्रत्यक्षात आउटपुट ० येतं, म्हणजे मोकळ्या पिनला गेटने १ मानलेलं असतं. त्या मोकळ्या पिनवर मीटर लावला तर १.२ ते १.५ व्होल्टच्या आसपास काहीतरी दिसतं. ०.८ च्या वर, २ च्या खाली, धड ० नाही आणि धड १ नाही. कारण सरळ आहे. टीटीएलच्या (एलएस ज्यात मोडतो त्या जातीच्या आयसीच्या) इनपुटला ० करायचं तर त्या पिनमधून करंट बाहेर ओढून ग्राउंडला न्यावा लागतो, एलएसमध्ये जास्तीत जास्त ०.४ मिलिअँपिअर, साध्या ७४ मालिकेत १.६. पिन मोकळी असेल तर या करंटला बाहेर पडायला वाट नसते आणि गेट ते १ समजून बसतं.

आजच्या मुलांसाठी इथे एक खास गंमत आहे. त्यांच्यापैकी अनेकांनी आर्डुइनोवर काम केलेलं असतं आणि १० किलोओहमचा पुल-डाउन रेझिस्टर (पिनला ग्राउंडकडे ओढून ० वर ठेवणारा) त्यांच्या हातात बसलेला असतो. तोच रेझिस्टर ते एलएस गेटच्या इनपुटला लावतात आणि बटण सोडलं तरी गेट ० मानत नाही. त्या पिनवर मीटर लावला की एक-दीड व्होल्ट दिसतो, कारण पिनमधून बाहेर येणारा करंट १० किलोओहममधून जाताना तेवढा व्होल्टेज तयार करतो. १ किलोओहम लावला की पाव व्होल्टच्या आत येतो आणि गेट सुतासारखं सरळ होतं. त्याहून बरी सवय म्हणजे १० किलोओहम वर ५ व्होल्टला जोडायचा आणि स्विच ग्राउंडला. टीटीएलमध्ये मी मुलांना हीच जोडणी लावायला लावते.

आता मुख्य प्रयोग. सुटी सुटी गेटं तपासण्यापेक्षा मी एका ७४०० मधल्या चारही नँडचा एक्सॉर (दोन इनपुट वेगळी असतील तेव्हाच १ देणारं गेट) करायला देते. एकच आयसी लागतो आणि त्यातलं एकही गेट शिल्लक राहत नाही. जोडणी अशी: ए हा पिन १ आणि पिन ४ ला, बी हा पिन २ आणि पिन १० ला. पिन ३ वरून दोन वायरी निघतात, एक पिन ५ ला, दुसरी पिन ९ ला. पिन ६ वरून पिन १२ ला, पिन ८ वरून पिन १३ ला. उत्तर पिन ११ वर. पिन १४ ला ५ व्होल्ट, पिन ७ ला ग्राउंड. पॉवर सोडली तर एकूण आठ वायरी. प्रत्येक वायर स्वतंत्र टाकायची, ए आणि बी या ओळींतून दोन-दोन वायरी वेगळ्या काढायच्या. हे पुढे महत्त्वाचं ठरतं.

हे सर्किट कागदावर सिद्ध करताना डी मॉर्गनचा नियम लागतो (अँडचं उलटं म्हणजे उलट्या इनपुटांचं ऑर). ऑगस्टस डी मॉर्गन यांचा जन्म १८०६ साली मदुराईचा. हे सांगितलं की मागच्या बाकावरचं डोकंही वर येतं, म्हणून मी आवर्जून सांगते.

सर्किट चाललं की खरा भाग सुरू होतो. शेजारच्या टेबलाने येऊन आठपैकी एक वायर गुपचूप बदलायची आणि तिच्या जागी आतून तुटलेली वायर लावायची. अशा वायरी आधी तयार करून ठेवाव्या लागतात. सिंगल स्ट्रँड वायर एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवली की आतलं तांबं तुटतं, वरचं प्लॅस्टिक तसंच राहतं. बाहेरून काही कळत नाही. एका डब्यात अशा पंधरा-वीस वायरी ठेवा आणि डब्यावर मोठ्या अक्षरात लिहा, नाहीतर त्या चांगल्या वायरींत मिसळतील आणि वर्षभर त्रास देतील.

समजा पिन ३ वरून पिन ९ ला जाणारी वायर तुटली. पिन ९ मोकळी झाली, म्हणजे गेटच्या लेखी १ झाली. आता ट्रुथ टेबल घेतली (पहिला अंक ए चा, दुसरा बी चा) तर ००ला ०, ०१ला १, १०ला १ असं बरोबर येतं आणि ११ला ० च्या जागी १ येतो. एक्सॉरचं ऑर गेट झालं. मुलं म्हणतात, "मॅडम, चारपैकी तीन ओळी बरोबर आहेत, एवढं चालेल ना?" त्या एका चुकलेल्या ओळीतच बिघाडाचा पत्ता असतो, आणि तो त्यांनी स्वतः काढायचा असतो.

आठही वायरी एकेक करून तोडून पाहा, म्हणजे मी काय म्हणते ते लक्षात येईल. कुठलीही एक वायर तुटली तर नेमकी एकच ओळ चुकते. ३ वरून ५ किंवा ९ ला जाणारी तुटली तर ११ ची ओळ चुकते. ए ची पिन ४ ला जाणारी किंवा बी ची पिन १० ला जाणारी तुटली तर ०० ची चुकते आणि एक्सॉरचं नँड होतं. ०१ ची ओळ चुकली तर संशय दोन वायरींवर: ए ची पिन १ ला जाणारी, किंवा ८ वरून १३ ला जाणारी. १० ची चुकली तर बी ची पिन २ ला जाणारी, किंवा ६ वरून १२ ला जाणारी. आठ वायरी, चार ओळी, प्रत्येक ओळीमागे दोन संशयित. मग मीटर घेऊन फक्त त्या दोन पिनांवर जायचं. ११ ची ओळ चुकली असेल तर ए आणि बी दोन्ही १ ठेवा. पिन ३ वर ०.२ व्होल्टच्या आत रीडिंग येईल, आणि पिन ५ व ९ पैकी जी शाबूत आहे तिच्यावरही तेवढंच. जिच्यावर सव्वा-दीड व्होल्ट दिसतो ती मोकळी. बिघाड सापडला, आणि आयसी बदलायची गरज पडली नाही.

ज्या ट्रुथ टेबलला मुलं पंधरा मिनिटांपूर्वी कंटाळली होती, तीच आता त्यांच्या कामाची झालेली असते. बूलियन बीजगणितही. "पिन ९ हे १ धरलं तर समीकरण काय होतं?" हे गणित ती मुलं फळ्यावर न येता स्वतःच्या वहीत करतात, कारण त्यांना शेजारच्या टेबलाने लपवलेली वायर शोधायची असते. ज्यांचं लवकर होतं त्यांना मी विचारते: याच सर्किटमध्ये हाफ अ‍ॅडरचा (ए आणि बी यांची बेरीज करणाऱ्या सर्किटचा) कॅरी, म्हणजे हातचा, कुठे दडला आहे? पिन ३ वर तो उलटा होऊन बसलेला आहे, आणखी एक नँड इन्व्हर्टर म्हणून लावला की मिळतो. आणि ए मधून बी वजा करताना लागणारा बॉरो पिन ८ वर, तोही उलटा. एवढ्याशा आयसीत हे सगळं निघतं हे बघून मुलं खूष होतात आणि मलाही दर वेळी तितकाच आनंद होतो.

आता पळापळीचं बघू. माझ्या लॅबमध्ये एक नियम आहे: चार रीडिंग कागदावर असल्याशिवाय मला बोलवायचं नाही. पिन १४ वर किती व्होल्ट, पिन ७ वर सप्लायच्या निगेटिव्हच्या तुलनेत किती, ज्या गेटवर संशय आहे त्याच्या इनपुटला किती आणि आउटपुटला किती. रीडिंग आयसीच्या पायावरच घ्यायचं, ब्रेडबोर्डच्या भोकात किंवा रेलवर नाही. हे मी फार आग्रहाने सांगते. लांब ब्रेडबोर्डवर पॉवरची रेल कित्येकदा मधोमध तुटलेली असते, लाल रेषा छापताना तिथे फक्त छोटीशी फट सोडलेली असते. डाव्या अर्ध्यात ५ व्होल्ट असतात आणि उजव्या अर्ध्यात काहीच नसतं. आयसी बसवताना एखादा पाय पोटाखाली दुमडला जातो आणि वरून बघितलं तर सगळं नीट दिसतं. या दोन्ही गोष्टी पायावर प्रोब टेकवला की लगेच उघड होतात.

या नियमाने मला बोलावण्याच्या निम्म्याहून जास्त वेळा टळतात, कारण चौथ्या रीडिंगपर्यंत बिघाड सापडलेला असतो. जे उरतात त्यांच्या टेबलावर जाऊन मला "काय झालं?" असं विचारावं लागत नाही, कागद बघितला की पुरतं.

सप्लायकडेही लक्ष ठेवायला शिकवा. ४.७५ ते ५.२५ व्होल्टच्या आत तो असायला हवा, आणि ७ च्या वर गेला तर आयसी जळू शकतो. एका ७४एलएस००ला स्वतःपुरते पाच मिलिअँपिअरही लागत नाहीत. सप्लायवर करंट लिमिट असेल तर शंभर मिलिअँपिअरला लावून ठेवा. अ‍ॅमीटर एकदम वर गेला म्हणजे कुठेतरी शॉर्ट आहे किंवा आयसी उलटा बसला आहे. लगेच सप्लाय बंद. आयसीला बोट लावून गरम झालाय का बघायची सवय चांगली आहे, पण आधी सप्लाय बंद करून मग.

एलईडीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण या लॅबमधले सगळ्यात चकवणारे बिघाड तिथून येतात. मुलं आउटपुटवर एलईडी थेट ग्राउंडला लावतात, रेझिस्टर न घालता. दिवा झकास लागतो, म्हणून कुणालाच शंका येत नाही. पण लाल एलईडी त्या आउटपुटला पावणेदोन ते दोन व्होल्टवर दाबून धरतो. त्याच आउटपुटवरून पुढच्या गेटला वायर गेली असेल, तर पुढच्या गेटला २ व्होल्टची हमी मिळत नाही. मग सर्किट कधी चालतं, कधी नाही, एलईडी काढला की चालतं, लावला की बंद पडतं. एलएसचं आउटपुट करंट ओढायला समर्थ असतं, द्यायला कमकुवत असतं: ओढायचे ८ मिलिअँपिअर, द्यायचे फक्त ०.४. म्हणून एलईडी ५ व्होल्ट आणि आउटपुटच्या मध्ये लावावा, ० आल्यावर पेटणारा. रेझिस्टर ४७० ओहम घेतला तर ५ मधून एलईडीचे १.८ आणि आउटपुटचे ०.३ वजा जाऊन २.९ व्होल्ट उरतात, म्हणजे साधारण ६ मिलिअँपिअर. मर्यादेत बसतं. ३३० ओहमला ते पावणेनऊच्या घरात जातं, एलएससाठी जरा जास्तच. ० ला पेटणारा एलईडी मुलांना सुरुवातीला उलटा वाटतो. तसा वाटत असेल तर मधे एक इन्व्हर्टर घाला, पण आउटपुटला थेट एलईडी लावू देऊ नका. किटवर हा प्रश्न येत नाही, कारण तिथे एलईडीच्या आधी ड्रायव्हर बसवलेला असतो.

पिनांच्या बाबतीत एकच सापळा सांगते, बाकी डेटाशीटवर सोडते. ७४००, ७४०८, ७४३२ आणि ७४८६ या चौघांचा पिनक्रम सारखा आहे: १ आणि २ इनपुट, ३ आउटपुट. मुलांच्या हाताला हीच सवय लागते आणि मग ७४०२ येतो. नॉरमध्ये पिन १ आउटपुट असते, २ आणि ३ इनपुट. सवयीने जोडलं की स्विच थेट आउटपुटवर येतो. चालत नाही हे तर झालंच, पण आउटपुट १ द्यायचा प्रयत्न करत असताना स्विच त्याला ग्राउंडला दाबून धरतो. पुढे फ्लिप-फ्लॉप आणि काउंटरकडे गेलात की १४-७ची सवयही मोडावी लागेल: ७४७६ला पॉवर पिन ५ वर आणि ग्राउंड १३ वर, ७४९०ला पॉवर ५ वर आणि ग्राउंड १० वर. म्हणून आयसी हातात घेतला की आधी पॉवरच्या पिना शोधायच्या, हे पहिल्याच दिवशी अंगवळणी पाडा.

डीकपलिंगचा (सप्लायमधले क्षणिक चढउतार सावरणारा) १०४ नंबरचा छोटा सिरॅमिक कपॅसिटर, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड, प्रत्येक आयसीच्या पॉवर आणि ग्राउंडमध्ये लावायला आत्तापासून शिकवा. नुसत्या गेटांत तो नसला तरी फारसं बिघडत नाही. काउंटर चालू झाले की तो नसल्याने आकडे उड्या मारतात, आणि तेव्हा त्यात स्विचच्या बाउन्सिंगची (एकदा दाबला तरी संपर्क अनेकदा जुळण्या-तुटण्याची) भर पडते. दोन बिघाड एकत्र आले की मुलं गोंधळतात.

आता किट आणि सिम्युलेटर. मी दोन्ही वापरते. लॅबला यायच्या आधी एक्सॉरचं सर्किट लॉजिसिममध्ये किंवा शिक्षण मंत्रालयाच्या व्हर्च्युअल लॅबमध्ये करून यायला सांगते. म्हणजे तर्क चुकला आहे की वायर, हा गोंधळ लॅबमध्ये होत नाही. डिझाइन तपासायला सिम्युलेटर उत्तम. पण त्यात पॉवरच्या पिना बहुतेक दिसतच नाहीत, एलईडी लावला म्हणून आउटपुट खाली येत नाही, मोकळ्या पिनवर दीड व्होल्ट दिसत नाही आणि वायर आतून तुटत नाही. वर ज्या ज्या गोष्टी सांगितल्या त्यांतली एकही तिथे शिकता येणार नाही. किट मी पुढच्या सत्रांसाठी ठेवते, शिफ्ट रजिस्टर आणि काउंटरसारख्या सर्किटांना, जिथे वायरी खूप होतात आणि लक्ष क्लॉककडे असायला हवं. बॅच फार मोठी असेल आणि मीटर कमी असतील तर निम्म्या बॅचला पहिला तास सिम्युलेटर, निम्म्या बॅचला ब्रेडबोर्ड, आणि मग अदलाबदल. हा मार्गही चालतो.

विद्यापीठाच्या यादीत प्रयोगाचं नाव "ट्रुथ टेबल व्हेरिफाय करणे" असंच असेल, त्याची काळजी करू नका. जर्नलमध्ये ट्रुथ टेबल असतेच, शेजारी व्होल्टचा कॉलम आणि खाली बिघाडाची नोंद वाढते: कोणती ओळ चुकली, कोणत्या दोन वायरींवर संशय, मीटरवर काय आलं. ही नोंद कॉपी करता येत नाही, कारण प्रत्येक टेबलावरची तुटलेली वायर वेगळी असते. टर्म वर्कचे मार्क देताना मी या तीन ओळींना सगळ्यात जास्त वजन देते. ओरललाही व्याख्या विचारत नाही, आतून तुटलेली वायर लावलेलं सर्किट पुढे ठेवते.

राहिला ७४०० कशाला, हा प्रश्न. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने ही मालिका १९६० च्या दशकात आणली, हे खरं. आज कुणी तिच्यावर कॉम्प्युटर बांधत नाही. पण मोकळी पिन, लेव्हलची हमी, आउटपुटवरचा लोड, हे प्रश्न एफपीजीएच्या (आतलं लॉजिक आपण ठरवू शकतो अशा आजच्या चिपच्या) पिनेवरही जसेच्या तसे येतात. तुमच्याच कॉलेजातली फायनल इयरची प्रोजेक्टं बघा. ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलरचं ३.३ व्होल्टचं आउटपुट ५ व्होल्टवर चालणाऱ्या ७४एचसीला (याच मालिकेच्या सीमॉस जातीच्या आयसीला) जोडलेलं असतं आणि सर्किट टेबलावर चालतं, प्रदर्शनाच्या दिवशी चालत नाही. एचसीला ५ व्होल्ट सप्लायवर १ मानायला ३.५ व्होल्ट लागतात, ३.३ पुरत नाहीत. तिथे ७४एचसीटी घातला की २ व्होल्टलाच १ मानतो आणि काम होतं. सेकंड इयरमध्ये ज्याने व्होल्टचा कॉलम भरला आहे त्याला हे सांगावं लागत नाही.

शेवटी कपाटाबद्दल, कारण प्रयोग फसायचं ते सगळ्यात सोपं कारण आहे. पुण्याच्या तपकीर गल्लीतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून नुसतं "७४०० द्या" म्हणून आणलं तर पाकिटात एलएस, एचसी आणि एचसीटी यांपैकी काहीही येऊ शकतं. ७४ आणि ०० यांच्या मधली अक्षरं वाचून वेगवेगळ्या ट्यूबमध्ये लावा. आयसी टेस्टर असेल तर सत्राच्या आधी सगळे तपासा. एखादंच गेट मेलेला आयसी फेकू नका, वर लाल ठिपका द्या आणि तुटलेल्या वायरींच्या डब्यात टाका, पुढच्या बॅचला अवघड कोडं म्हणून उपयोगी पडतो.

आणि तुमच्याकडे फक्त ७४एचसी००च निघाले, तर वरचं आठ वायरींचं गणित जसंच्या तसं लागू होणार नाही. सीमॉसमध्ये मोकळी पिन १ मानली जाते याची काहीच खात्री नसते. हात जवळ नेला तरी आउटपुट बदलू शकतं, आणि हे एकदा मुलांना मुद्दाम दाखवण्यासारखं आहे. तेवढं दाखवून झालं की आठही इनपुट पिनांवर १० किलोओहमचा रेझिस्टर ५ व्होल्टला जोडा. चालू वायरीला त्याचा त्रास होत नाही, आणि वायर तुटली की ती पिन १ वर जाते. मग कोणती ओळ चुकली की कोणत्या दोन वायरी बघायच्या, हा हिशेब पुन्हा तसाच बसतो. फरक एवढाच, की तुटलेल्या पिनवर मीटर सव्वा-दीड व्होल्टच्या जागी जवळजवळ पूर्ण ५ दाखवेल.